सकाळपर्यंत थांबा

परभणीत बी-बियाणांच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर रुद्राणीची खोली आहे. जिना अरुंद, आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी. त्या पाटीवरून तिचं आणि पेंटरचं जे वाजलं, ते खाली खताची पोती उतरवणाऱ्या हमालांना अजून तोंडपाठ आहे. तिनं कागदावर नीट लिहून दिलं होतं, ‘समुपदेशन आणि नृत्य-कला उपचार’. पेंटरनं त्यातलं नृत्य तेवढं मनावर घेतलं. टपोऱ्या लाल अक्षरांत ‘नृत्य कला’, खाली मुंगीएवढं ‘समुपदेशन’, आणि कुणी सांगितलेलं नसताना पिसारा फुलवलेला एक मोर. रुद्राणी म्हणाली, इथं माणसं रडायला येणार आहेत, मोर कशाला काढला? तर हा बाबा म्हणतो, मॅडम, मोर बी रडतोच की. तिनं उभ्या उभ्या त्या मोरावर पांढरा रंग मारायला लावला. पण रंग पातळ निघाला, आणि दुपारच्या उन्हात मोर अजून दिसतो. गॅदरिंगचा डान्स बसवून द्याल का, म्हणून विचारायला महिन्यातून दोघं-तिघं तरी जिना चढून येतात आणि तोंड पाडून उतरतात.

रुद्राणीला राग येतो हे काही गुपित नाही. छत्तीस वर्षांची बाई, आवाज खणखणीत, आणि राग आला की आधी नाकाचा शेंडा लाल होतो. तिचे वडील ताडकळसला पिठाची गिरणी चालवत. ते म्हणायचे, गिरणीचा पट्टा तापायच्या आधी आमच्या पोरीचं डोकं तापतं. पण याच बापानं तिला नाचू दिलं. लिंगायताच्या घरची पोरगी शाळेत स्टेजवर नाचली म्हणून भावकी गिरणीवर येऊन काय काय बोलून गेली. गिरणी चालू होती. वडिलांना अर्धं ऐकूच आलं नाही, आणि उरलेलं त्यांनी अंगावरच्या पिठासारखं झटकून टाकलं.

पुढं ती मानसशास्त्र शिकली आणि एका दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागली. टेबल, दोन खुर्च्या, एक छापील फॉर्म. समोर बाई येऊन बसायची. काय होतंय? काय न्हाई. झोप येती का? येती. घरी कुणाचा तरास? न्हाई बा. फॉर्म भरला, बाई गेली, दुसरी आली. वर बघून काही कळेना, तेव्हा रुद्राणी टेबलाखाली बघायला लागली. एक बाई वर ‘समदं बरं हाय’ म्हणत होती आणि खाली तिची टाच फरशीवर अशी आपटत होती, की जणू बंद दार लाथेनं उघडायचंय. रुद्राणीनं हे वरिष्ठांना सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले, मॅडम, आपल्याकडं डोक्याचं काम आहे, पायाचं नाही. त्यावर तिनं त्यांना जे सुनावलं, त्यानंतर तिथं राहण्यात अर्थच नव्हता. ती पुण्याला गेली. बोलणं आणि हालचाल दोन्ही मिळून माणसाचं दुखणं कसं हाताळायचं, हे दीड वर्ष शिकली आणि परत आली. पुण्यातच राहा असं सगळ्यांनी सांगितलं होतं. ती म्हणाली, ती टाच आपटणारी बाई पुण्यात राहत नाही.

तर या खोलीत चालतं काय? नाच शिकवत नाहीत, हे आधी डोक्यातून काढा. माणूस येतो, बोलतो. बोलणं जिथं अडतं तिथं रुद्राणी त्याला उठवते आणि चाला म्हणते, जसं चालावंसं वाटतं तसं. हात वर जात असतील तर जाऊ द्या, पाय आपटत असतील तर आपटू द्या. कोपऱ्यात एक हलगी आहे, जुन्या ओढण्या आहेत, खडू आहेत, घमेल्यात भिजवलेली काळी माती आहे. अंगातून काही बाहेर आलं की पुन्हा बसायचं आणि त्यावर बोलायचं. एवढंच. पण लोक म्हणतात काय, तर ‘बाया नाचवती’. हे कानावर आलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्या दिवशी ती पाय आपटत जिना चढते आणि कुणी यायच्या आत पाच मिनिटं हलगी बडवून काढते. खालचा दुकानदार मग आपल्या माणसांना सांगतो, आज मॅडमच्या वाटंला जाऊ नका.

तिची एक पद्धत होती. होती म्हणायचं, कारण आता नाही. सुरुवात मांडी घालून. सतरंजीवर बसायचं, डोळे मिटायचे, डावा तळहात पुढं धरायचा आणि थोडा वेळ नुसतं बसून राहायचं. हे तिनं पुण्यात शिकलेलं नव्हतं. तिची आज्जी रोज सकाळी अशी बसायची. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि ती बसली की घरातली भांडणंसुद्धा हळू आवाजात व्हायची. मांडी घालून बसलं की माणूस निवतो, असं रुद्राणीचं ठाम मत होतं. तिचं मत एकदा ठाम झालं की ते हलवायला जेसीबी लागतो.

डिसेंबरात सोनपेठहून अर्पिता नावाची मुलगी आपल्या सासूला घेऊन आली. मुलगीच म्हणायची, सव्वीस वर्षांची. तिचा नवरा शिवकांत मागच्या मे महिन्यात गंगाखेड रोडला मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. सासू चन्नबसम्मा, वय अठ्ठावन्न. तिलाही नवरा नाही, तो कधीच गेला, आणि शिवकांत एकुलता एक. घर चालवत होते चन्नबसम्मांचे थोरले दीर, मन्मथअप्पा. बाजारपेठेत कापडाचं जुनं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि त्यांनी म्हटलं की झालं. घरात सगळे त्यांना अप्पाच म्हणत.

दुखणं असं होतं की शिवकांत गेल्यापासून चन्नबसम्मांना खाली बसता येत नव्हतं. चालायच्या, जिना चढायच्या, तासन्‌तास उभ्या राहायच्या, पण मांडी म्हणून घालता येत नव्हती. स्वयंपाक उभ्यानं. जेवण खुर्चीवर. इष्टलिंगाची पूजा बंद. गळ्यातल्या चांदीच्या डबीला सकाळी हात लावायच्या आणि कामाला लागायच्या. परभणीतल्या हाडांच्या डॉक्टरनं एक्स-रे बघून सांगितलं होतं, झीज वयामानाप्रमाणे आहे, एवढ्यावर गुडघे वाकायला पाहिजेत. अप्पांना ते पटलं नाही. त्यांनी लांबच्या शहरातला दुसरा डॉक्टर गाठला, मागं लागले, आणि दोन्ही गुडघे बदलायची तारीख घेऊन आले. वीस फेब्रुवारी.

एवढी घाई कशाला, तर मे महिन्यात शिवकांतचं पहिलं पुण्यस्मरण होतं. महाराज येणार, कीर्तन होणार, पाच गावचे पाहुणे. आईनं फोटोपुढं मांडी घालून पूजेला बसायला पाहिजे. आई खुर्चीवर बसून पूजा करणार का, लोक काय म्हणतील, असं अप्पांचं म्हणणं. अर्पिता हे सांगत होती आणि रुद्राणीच्या नाकाचा शेंडा लाल होत होता. तिनं अर्पिताला खालच्या दुकानात बसायला पाठवलं आणि चन्नबसम्मांना म्हणाली, या काकू, सतरंजीवर मांडी घाला.

त्या उभ्याच राहिल्या. “बसनं व्हत न्हाई,” म्हणाल्या.

आता शहाण्या माणसानं इथं थांबायचं की नाही? पण रुद्राणीच्या डोक्यात डॉक्टरचा एक्स-रे होता आणि आज्जीची मांडी होती. थोडं वाकवून बघा, मी धरते, म्हणत तिनं भिंतीला धरून त्यांना अर्धं खाली आणलं आणि त्यांच्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवून हलकेच दाबला. चन्नबसम्मांनी तो हात असा फटकारला की तिच्या बांगड्या खळ्ळकन वाजल्या. मग त्या जिना उतरून गेल्या. रुद्राणी चिडली. मदत करायला जावं तर हे असं, म्हणून तिनं घमेलं पायानं सरकवलं आणि दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

आठ दिवसांनी अर्पिताचा फोन आला. आत्याबाई येतो म्हणतात, पण खुर्ची ठेवा म्हणाल्या. रुद्राणीनं खालच्या दुकानातून लोखंडी खुर्ची मागून आणली.

मग दर बुधवारी त्या येऊ लागल्या. बोलणं कमी. शिवकांत लहानपणी कसा होता ते सांगायच्या, अर्पिताचं माहेर चांगलं आहे, तिनं पुन्हा शिकावं, असं म्हणायच्या. अपघाताच्या दिवसाला आल्या की तोंडात मिठाची गुळणी. तिथं रुद्राणी त्यांना चालायला सांगायची. खोली बारा पावलांची. चन्नबसम्मा भिंतीकडून निघायच्या, दारापर्यंत जायच्या, उंबरठ्यापाशी थांबायच्या आणि वळायच्या. एकदा नाही, दहादा. दार सताड उघडं असायचं तरी पाऊल बाहेर पडायचं नाही. रुद्राणीनं विचारलं, काकू, तिथून परत का येता? त्या म्हणाल्या, बायकांनी भाईर जायचं नसतं. कुठं बाहेर, कधी, हे काही सांगेनात. रुद्राणीनं ते वाक्य वहीत लिहिलं आणि त्याच्याभोवती दोन रेघा मारल्या.

मधल्या काळात तिनं अर्पिताला एक काम सांगितलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरला विचारा, नव्या गुडघ्यांवर मांडी घालता येईल का. अर्पितानं फोन करून विचारलं. डॉक्टर म्हणाले, मांडी अजिबात घालायची नाही, यापुढं खुर्चीच. म्हणजे ज्या मांडीसाठी बाईचे गुडघे कापायचे, ती मांडी कापल्यावर कायमची बंद. हे अप्पांनी विचारलंच नव्हतं. अर्पितानं घरी जाऊन घाबरत घाबरत सांगितलं, तर अप्पा काय म्हणाले? म्हणाले, डॉक्टर लोक असंच सांगतात. पाच मिनिटं बसली की झालं, फोटो निघाला की उठवू.

रुद्राणीनं हे ऐकलं आणि हातातली खडूची पेटी भिंतीवर आपटली. पाच मिनिटं! बाई आहे का फोटोची फ्रेम? अर्पिता तिच्याकडं बघतच राहिली, कारण त्या घरात अप्पांवर आवाज चढवलेला तिनं कधी ऐकला नव्हता. रुद्राणीनं खडू गोळा केले, आणि परभणीतल्या पहिल्या डॉक्टरला सासूबाईंना पुन्हा एकदा दाखवून त्यांचं मत लेखी घ्या, असं सांगितलं. त्यांनी लिहून दिलं, तूर्त ऑपरेशनची गरज नाही. अप्पांनी ती चिठ्ठी दुकानातल्या गल्ल्याखाली सारली. वीस तारखेला दोन आठवडे उरले होते.

त्या बुधवारी थंडी होती. चन्नबसम्मा खुर्चीवर बसल्या होत्या. रुद्राणीनं मातीचं घमेलं पुढं ओढलं आणि माती मळायला ती स्वतः मांडी घालून खाली बसली. बसताना तिचा गुडघा कट्‌ असा वाजला. थंडीच्या दिवसांत वाजतो तसाच, तिचं लक्षही नव्हतं.

वर बघितलं तर चन्नबसम्मांनी दोन्ही कान गच्च दाबून धरले होते. तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता. रुद्राणी जागची हलली नाही. माती तशीच हातात धरून तिनं अगदी हळू विचारलं, “काकू, हा आवाज कुठं ऐकलाव?”

खाली एक ट्रक येऊन रिकामा होऊन गेला. मग त्या बोलायला लागल्या, आणि एकदा लागल्यावर थांबल्या नाहीत.

अपघात पहाटे झाला होता. पोस्टमार्टेम होऊन शिवकांतला घरी आणलं तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. अंग लाकडासारखं ताठ झालं होतं. लिंगायतांत माणसाला आडवं पुरत नाहीत, मांडी घालून बसवतात, डाव्या हातात लिंग देतात आणि बसल्या स्थितीत समाधी देतात. हे रुद्राणीला सांगायची गरज नव्हती. तिचे आजोबा वारले तेव्हा अंगात ऊब होती तोवरच त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं, आणि पाचवीतल्या रुद्राणीला ते पूजेलाच बसल्यासारखे वाटले होते. पण शिवकांतला जाऊन नऊ-दहा तास झाले होते. विधीला आलेल्या म्हाताऱ्या स्वामींनी हात लावून बघितला आणि सांगितलं, जोर करू नका. उन्हाचे दिवस आहेत, सकाळपर्यंत थांबा, अंग आपोआप सैल पडतं. थांबायचं नसेल तर आडवंच ठेवा, शिव काही नको म्हणत नाही.

अप्पा म्हणाले, आमच्या घरात आजवर कुणी आडवं गेलं नाही. आणि पाहुणे उदगीर-अहमदपूरहून आलेत, त्यांना दिवस मावळायच्या आत निघायचंय. स्वामी बाजूला झाले. बायकांना मधल्या घरात बसवून दार लोटून घेतलं. अंगणात चौघं पुढं झाले.

“दोनदा वाजलं,” चन्नबसम्मा म्हणाल्या. “एकदा उजवा, एकदा डावा. माझ्या पोटात झालेला गुडघा हाय तो. मला कळत न्हाई व्हय काय वाजलं ते?”

त्या रडल्या नव्हत्या. भोवतालच्या बाया म्हणाल्या होत्या, बघा कशी धीराची आहे. संध्याकाळी येणारा जाणारा सांगत होता, पोरगं कसं सुंदर बसवलंय, जिवंत वाटत होतं. चन्नबसम्मा त्या दिवशी मधल्या घरातून उठल्या, त्या पुन्हा खाली बसल्याच नाहीत.

रुद्राणीला काय वाटलं ते सांगायला पाहिजे. तिला वाटलं, असंच उठावं, मिळेल त्या एसटीनं सोनपेठ गाठावं आणि भर बाजारपेठेत, गिऱ्हाइकांच्या देखत त्या म्हाताऱ्याची गचांडी धरावी. आमच्या रीतीचं नाव घेऊन हे केलंत? ज्या माणसाला ती रीत खरी माहीत होती, तो थांबा म्हणत होता. थांबला नाहीत ते पाहुण्यांच्या गाडीसाठी. दात-ओठ खात ती बसून राहिली, कारण ही गोष्ट तिची नव्हती. या खोलीत सांगितलेलं खोलीबाहेर न्यायचा हक्क तिला नव्हता. आणि तेवढ्यात तिला स्वतःचा हात आठवला. पहिल्याच दिवशी, याच बाईच्या गुडघ्यावर ठेवून दाबलेला. मग तिचा सगळा राग फिरून तिच्याच अंगावर आला.

“काकू, पहिल्या दिवशी मी बी जोरच केला,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

चन्नबसम्मांनी मान हलवली. माफ केलं असंही नाही, नाही असंही नाही. थोड्या वेळानं रुद्राणीनं विचारलं, त्या वक्ताला तुमच्या अंगाला काय करावं वाटलं होतं? त्या म्हणाल्या, उठायचं होतं. दार उघडायचं होतं. त्यांचे हात धरायचे होते.

मग रुद्राणीनं कोपऱ्यातला लोड उचलला, त्याला पांढरी ओढणी गुंडाळली, आणि दाराबाहेर जिन्याच्या माथ्यावर नेऊन ठेवला. हलगी घेतली. बोटांनी, अगदी दबक्या आवाजात ती वाजवायला लागली. चन्नबसम्मा चालल्या. उंबरठ्यापाशी थांबल्या, वळल्या. पुन्हा चालल्या, पुन्हा वळल्या. तिसऱ्यांदा त्यांनी चौकटीला हात लावला, आणि एकदम बाहेर पडल्या. लोड उचलून छातीशी धरला आणि म्हणाल्या, थांबा. पहिल्यांदा हे नुसतं ओठांतच होतं. मग आवाज फुटला. मग एवढा वाढला की खालचे हमाल पाठीवर पोतं घेऊन जागच्या जागी उभे राहिले.

“थांबा. सकाळपर्यंत थांबा. हात काढा त्याच्यावरचे. सकाळपर्यंत थांबा.”

प्रत्येक शब्दाला त्यांची टाच फरशीवर आपटत होती. रुद्राणी आता थापेनं हलगी वाजवत होती, तळवे लाल झाले तरी. चन्नबसम्मांनी अप्पांना शिव्या दिल्या. कानडी मिसळलेल्या, माहेरच्या, तीस-पस्तीस वर्षं पोटात ठेवलेल्या. चौघांना दिल्या, पाहुण्यांना दिल्या, धीराची म्हणणाऱ्या बायांना दिल्या. आवाज बसला तेव्हा थांबल्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर लोड मांडीत घेऊन टेकल्या. नऊ महिन्यांनी त्या खाली बसल्या होत्या. त्यांच्या ते ध्यानात नव्हतं, आणि रुद्राणीनं काही बोलून दाखवलं नाही.

पुढच्या बुधवारी त्या पायरीवरून सतरंजीच्या काठावर आल्या, पाय लांब सोडून. रुद्राणीनं मांडीचं नाव काढलं नाही. तिनं एवढंच सांगितलं की घाई कसलीच नाही. घरी जाऊन चन्नबसम्मांनी अर्पिताच्या तोंडून निरोप दिला, ऑपरेशनला मी जाणार नाही.

एकोणीस तारखेला सकाळी अप्पांची जीप बियाणांच्या दुकानापुढं थांबली. अर्पितानं आत्याबाईंना आधीच वर आणून सोडलं होतं, आणि ती दारातच उभी होती. मन्मथअप्पा भिंतीला धरत, धापा टाकत वर आले. सत्तरीचा माणूस, पांढरं धोतर, टोपी. खोलीतली हलगी बघितली, ओढण्या बघितल्या, मातीचं घमेलं बघितलं. मग रुद्राणीला म्हणाले, तू ताडकळसच्या गिरणीवाल्याची पोरगी ना? आपल्यातली असून बाया नाचवायलीस? गाडी खाली उभी हाय, आज दवाखान्यात भरती व्हायचंय, पुरे झाली नाटकं.

रुद्राणीचं नाक लाल झालं. दोन आठवडे जिभेवर धरून ठेवलेलं सगळं एका झटक्यात बाहेर पडणार होतं. पण चन्नबसम्मांनी तिच्याकडं न बघता नुसता हात वर केला, आणि ती गप्प झाली.

चन्नबसम्मा खुर्चीवरून उठल्या. सतरंजीच्या मधोमध गेल्या. जमिनीला एक हात टेकून खाली झाल्या, उजवा पाय दुमडला, थांबल्या, श्वास घेतला, मग डावा दुमडला. मांडी घालून, पाठ सरळ ठेवून बसल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांनी थोरल्या दिराच्या तोंडाकडं मान वर करून कधी बघितलं नव्हतं. आता बघितलं.

अप्पांना आधी कळेना. मग त्यांचा चेहरा खुलला. अरे, मग झालंच की, म्हणाले. कशाला पाहिजे ऑपरेशन? मे महिन्याचं काम झालं. चला, चला, उठा. त्यांना खरंच आनंद झाला होता, आणि तो बघून रुद्राणीला वाटलं, हलगीच डोक्यात घालावी.

“बसा, अप्पा,” चन्नबसम्मा म्हणाल्या.

अप्पांनी लोखंडी खुर्ची ओढली. चन्नबसम्मांनी नाही म्हणून मान हलवली. खुर्ची नको, खाली. माझ्यासारखी मांडी घालून.

अप्पा हसले. मला कुठं जमतंय आता, म्हणाले, माझं वय झालंय, गुडघे ताठ झालेत माझे.

“माझ्या लेकराचे बी ताठ झालते.”

अप्पांचा खुर्चीवरचा हात तसाच राहिला. दारात अर्पितानं पदर तोंडात धरला. त्या दिवशी तीही मधल्या घरातच होती, तिनंही दोन्ही आवाज ऐकले होते, आणि नऊ महिने दोघी एका घरात राहून एकमेकींना ते बोलल्या नव्हत्या.

“त्याला तुमी सकाळपर्यंत वेळ दिला न्हाई,” चन्नबसम्मा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मी तुमाला देते. कुणी धरनार न्हाई, कुणी दाबनार न्हाई. बसल्याबिगर मात्र मी हितनं उठत न्हाई. अन्‌ मी न्हाई उठले, तर मे महिन्यात फोटोम्होरं तुमचं तुमी बसा.”

मन्मथअप्पांनी दाराकडं बघितलं. दारात अर्पिता होती आणि ती बाजूला झाली नाही. रुद्राणीकडं बघितलं. रुद्राणी पुढं होऊन हात देणार होती, सवयच तशी, पण तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले. खाली कुणीतरी जीपचा हॉर्न वाजवला. कुणी हललं नाही.

मग म्हाताऱ्यानं टोपी काढून खुर्चीवर ठेवली, भिंतीला तळवा लावला आणि खाली व्हायला सुरुवात केली. अर्ध्यात त्यांचा गुडघा वाजला. कट्‌. खोलीत सगळ्यांना तो आवाज ऐकू आला. चन्नबसम्मांनी कान झाकले नाहीत. अप्पा तिथंच वाकलेले राहिले, भिंतीवर हात, वर जाता येईना, खाली येता येईना.

“सावकाश,” चन्नबसम्मा म्हणाल्या. “मी बसले हाय.”